सी सॉल्ट की रेनवॉश्ड? सारख्या दिसणाऱ्या दोन थंड हिरव्या रंगांतून एक निवडताना

शेरविन-विल्यम्स या अमेरिकन रंगकंपनीच्या दुकानात शेडकार्डांच्या भिंतीसमोर उभं राहून हलका, शांत, थंड हिरवा शोधणारा माणूस बहुधा दोन कागद घेऊन बाहेर पडतो. एक सी सॉल्ट, क्रमांक ६२०४. दुसरा रेनवॉश्ड, क्रमांक ६२११. दोन्ही हिरवट, दोन्हींत राखाडी मिसळलेला, दोन्हींत कुठेतरी निळ्याची झाक. दुकानातल्या दिव्याखाली शेजारी धरले तर एक जरा फिका आणि दुसरा जरा रंगीत, एवढंच कळतं. मग घरात दोन तट पडतात आणि ‘काय फरक पडतो, घे कुठलाही’ यावर प्रकरण मिटतं.

फरक पडतो, आणि तो चारही भिंती रंगवून झाल्यावर कळतो. माझं मत आधीच सांगून टाकते: सी सॉल्ट खोलीच्या मर्जीने चालतो, रेनवॉश्ड बराचसा स्वतःच्या. खोलीत येणारा उजेड, जमिनीचा रंग, रात्रीचे बल्ब हे सगळं सी सॉल्ट उचलतो आणि सकाळी एक, रात्री दुसराच दिसतो. रेनवॉश्डही बदलतो, पण निळसर हिरव्याच्या हद्दीत राहून. म्हणून आधी खोली तपासायची आणि मग रंगाकडे वळायचं. खाली तोच क्रम ठेवला आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या घरांना धरून लिहिलं आहे: ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या) भिंती, गॅलनचे डबे, पांढरी ट्रिम (दारं-खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीच्या तळाची पट्टी). हेच रंग भारतात किंवा ऑस्ट्रेलियात लावायचे असतील तर काय बदलतं, ते शेवटाकडे येईल.

आकडे काय सांगतात

प्रत्येक शेडच्या मागे एलआरव्ही लिहिलेला असतो. रंगावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकला जातो, याचं हे ० ते १०० मधलं माप. काळा शून्याकडे, पांढरा शंभराकडे. सी सॉल्टचा एलआरव्ही ६३ आहे, रेनवॉश्डचा ५९. चारचा हा फरक खोली उजळ की अंधारी वाटेल यासाठी नगण्य आहे. ‘सी सॉल्ट घेतला की खोली मोठी दिसेल’ असं कोणी म्हणालं तर ते या चार गुणांच्या जोरावर तरी म्हणू नये. सी सॉल्टच्याच पट्टीवरचा पुढचा रंग, कम्फर्ट ग्रे, ५४ वर आहे. तिथे मात्र डोळ्याला पायरी कळते.

खरी माहिती दुसऱ्या आकड्यांत आहे. स्क्रीनवर रंग दाखवण्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे कंपनी देते. सी सॉल्टचे २०५, २१०, २०२. रेनवॉश्डचे १९४, २०५, १९७. दोन्हींत हिरवा वरचढ, म्हणून दोन्ही हिरवे. पण सी सॉल्टमध्ये सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात जेमतेम आठाचं अंतर आहे आणि लाल निळ्यापेक्षा वर आहे. म्हणजे आकड्यांवरून पाहिलं तर हा रंग थंडसुद्धा नाही. जवळजवळ राखाडी, त्यात थोडा हिरवा आणि अगदी पुसट ऊब. रेनवॉश्डमध्ये अंतर अकराचं, आणि निळा लालापेक्षा वर. हा मुळातच थंड हिरवा.

मग सी सॉल्टला सगळे निळसर का म्हणतात? कारण ज्या रंगात स्वतःचं फारसं काही नसतं, तो आलेल्या उजेडाचा रंग पटकन घेतो. खिडकीतून आकाशाचा निळा उजेड आला की तो निळसर होतो, पिवळ्या बल्बखाली राखाडीकडे किंवा फिक्या मातकट हिरव्याकडे सरकतो. त्यात शेजारी पिवळट लाकूड किंवा क्रीम रंगाची ट्रिम असेल तर आपला डोळाही हातभार लावतो. पिवळ्याशेजारचा राखाडी आपल्याला निळसर भासतो. प्रकाशशास्त्र इथे संपलं, आता खोलीत चला.

पायरी पहिली: खोलीचं तोंड कुठे आहे

फोनमधलं होकायंत्र उघडा आणि मुख्य खिडकीकडे तोंड करून उभे राहा. घर उत्तराभिमुख आहे म्हणून बेडरूमही तशीच असेल असं धरू नका. प्रत्येक खोलीची खिडकी वेगळी बघायची.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. दिवसभर आकाशाचाच उजेड येतो, आणि तो थंड असतो. अशा खोलीत सी सॉल्टचा हिरवा दबतो आणि निळसर राखाडी वर येतो. न्यू जर्सी, शिकागो, मिशिगनकडच्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच संध्याकाळ झाल्यासारखी वाटते तेव्हा, तो उदास दिसू शकतो. रेनवॉश्ड इथे आणखी निळा होतो, पण मळकट होत नाही. मला उत्तरेच्या खोलीत दोघांपैकी तोच जास्त पटतो.

दक्षिणेकडे ऊन भरपूर आणि उबदार. भर दुपारी सी सॉल्ट इतका धुऊन निघतो की पाहुणे त्याला पांढराच समजतात. तुम्हाला तसाच ‘रंग आहे की नाही’ असा रंग हवा असेल तर उत्तमच. भिंतीला रंग दिल्यासारखं वाटलंच पाहिजे, असं घरातल्या कोणाचं म्हणणं असेल तर दक्षिणेला रेनवॉश्ड घ्या, नाहीतर एक पायरी उतरून कम्फर्ट ग्रे बघा.

पूर्वेची खोली सकाळी उबदार, दुपारनंतर थंड. पश्चिमेची बरोबर उलट, आणि तिथे सूर्यास्ताआधीच्या केशरी उन्हात दोन्ही हिरवे तासभर विचित्र दिसतात. त्यावरून निर्णय घेऊ नका. त्या वेळी कुठलाच थंड रंग धड दिसत नाही.

खिडकीबाहेर काय आहे तेही पाहा. समोर मोठी हिरवळ किंवा मेपलची झाडं असतील तर मे ते सप्टेंबर त्यांचा हिरवा उजेड आत येतो आणि सी सॉल्टही चांगला हिरवा दिसतो. पानं गळाली की तो हिरवा जातो. बर्फ पडला की खालून वर आकाशाचा निळसर उजेड उसळतो. समोरच्या घराची भिंत लाल विटांची असेल तर गुलाबी झाक येते, आणि ती थंड हिरव्यावर मळ बसल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात निवडलेला सी सॉल्ट जानेवारीत ‘फसवतो’ तो यामुळे. त्याने काही केलेलं नसतं.

पायरी दुसरी: जे बदलणार नाही, त्याचा रंग ओळखा

सोफा, पडदे, गालिचा पुढेमागे बदलतील. जमीन, स्वयंपाकघरातली कपाटं, ओट्याचा दगड, बाथरूमची टाइल हे तिथेच राहणार. रंग त्यांच्याशी जमला पाहिजे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात बांधलेल्या असंख्य घरांत मधासारख्या पिवळट-नारिंगी ओकची कपाटं आहेत. ओळखीच्या एका घरात अशा कपाटांशेजारी दोन्ही नमुने लावून पाहिले होते. रेनवॉश्ड तिथे एकदम निळसर हिरवा झाला आणि कपाटं होती त्याहून नारिंगी दिसायला लागली. रंगचक्रावर निळसर हिरव्याच्या समोर लालसर नारिंगी येतो. समोरासमोरचे रंग शेजारी आले की दोघेही भडकतात. सी सॉल्टने तेवढा दंगा केला नाही, कारण त्यात भडकण्यासारखा रंगच कमी. ओक ठेवायचा असेल तर सी सॉल्ट. कपाटं पांढरी रंगवून घेणार असाल तर दोन्ही मोकळे.

दुसरी अडचण गुलाबी झाक असलेल्या बेजची. जुन्या बाथरूममधली टाइल, भाड्याने दिलेल्या घरांतला कार्पेट, काही ग्रॅनाइट यांत ही झाक लपलेली असते. एरवी ती कळत नाही. शेजारी थंड हिरवा आला की लगेच कळते, आणि टाइल मांसल गुलाबी दिसू लागते. तपासायचं कसं? टाइलवर ट्रिमच्या पांढऱ्या रंगाचं शेडकार्ड ठेवून पाहा. टाइल पिवळट दिसली तर ठीक. गुलाबी दिसली तर दोन्ही हिरवे त्या खोलीत जपून, आणि रेनवॉश्ड तर नकोच. (प्रिंटरचा कोरा कागद यासाठी वापरू नका. तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारी रसायनं असतात, आणि त्याच्याशेजारी सगळंच पिवळट दिसतं.)

राखाडी किंवा पांढरट टाइल, संगमरवर, गडद अक्रोडी लाकूड, काळा ग्रॅनाइट यांच्याशी दोघांचंही जमतं.

देवघर त्याच खोलीत असेल तर चिंता नको. पितळ, कुंकू, झेंडू हे सगळे उबदार रंग फिक्या थंड हिरव्यावर खुलतात. तिथे रेनवॉश्ड मला अधिक आवडतो.

पायरी तिसरी: बल्ब आधी बदला

नमुना लावण्याआधी खोलीतले सगळे बल्ब एकाच जातीचे करून घ्या. बऱ्याच घरांत छताला एक पिवळा, एक पांढरा आणि कोपऱ्यातल्या दिव्याला तिसराच असा संसार असतो. त्यात कुठलाही रंग तपासणं व्यर्थ आहे.

बल्बच्या खोक्यावर दोन आकडे बघायचे. पहिला केल्विनचा. २७०० म्हणजे पिवळसर उबदार, ३००० त्याहून जरा स्वच्छ, ४००० पांढरा, ५००० आणि त्यापुढे निळसर पांढरा. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. हा ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. स्वस्त बल्ब ८० च्या आसपास असतात, आणि अशा पुसट रंगांचा जीव त्यांच्याखाली आणखी जातो.

या दोन शेडसाठी माझी पसंती ३००० केल्विनला. २७०० च्या बल्बखाली सी सॉल्टमधला हिरवा रात्री जवळपास विझतो आणि उबदार राखाडी उरतो. काही जणांना तेच आवडतं, बेडरूममध्ये ते छानही वाटतं. ५००० च्या बल्बखाली रेनवॉश्ड दवाखान्यातल्या पडद्यासारखा दिसतो. त्या बल्बसाठी आग्रह धरणारं माणूस घरात असेल (आमच्या पिढीत प्रत्येक घरात एक असतंच, ‘वाचायला दिसत नाही’ म्हणणारं), तर त्याला वाचायला स्वतंत्र दिवा घेऊन द्या. छताचे बल्ब बदलू देऊ नका.

पायरी चौथी: नमुना नीट करा

यात कंजुषी करू नका. शेडकार्डाचा तुकडा खोलीसाठी फार लहान असतो, आणि फोनचा कॅमेरा तर मुद्दाम दिशाभूल केल्यासारखा वागतो. तो उजेडाची झाक आपोआप काढून टाकतो, त्यामुळे दोन्ही भिंती फोटोत एकसारख्या राखाडी येतात. वेबसाइटवर तुमच्या खोलीचा फोटो टाकून रंग चढवून बघायची सोय असते. ती गंमत म्हणून ठीक. दोन वेगळ्या जातींतले रंग, जसे हिरवा की बेज, तिथे ठरवता येतील. इतके जवळचे दोन नाहीत.

मोठे पांढरे फोमबोर्ड आणा, साधारण २० बाय ३० इंचांचे, प्रत्येक रंगासाठी दोन. छोटे सॅम्पल डबे घ्या आणि रोलरने दोन हात द्या. ब्रशने नको, कारण ब्रशच्या रेघा सावल्या धरतात आणि रंग गडद भासतो. कडेपर्यंत रंगवा. मागे नाव लिहा, समोर नाही. रात्रभर वाळू द्या, कारण लॅटेक्स (पाण्यात कालवलेला) रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर थोडा गडद होतो. बोर्ड रंगवायचा कंटाळा असेल तर खऱ्या रंगाचे चिकटवता येणारे नमुने मिळतात, तेही चालतील. मात्र सर्वांत मोठा आकार घ्या.

जुन्या भिंतीवर थेट चार पट्टे मारणं टाळा. जुना रंग पिवळट बेज असेल तर त्यावर कुठलाही थंड हिरवा जास्तच निळा दिसणार. शिवाय पट्ट्यांच्या कडा नंतर नव्या रंगातूनही उठून दिसतात आणि घासाव्या लागतात. बोर्डामागे पांढरी चादर टेपने लावली तर जुन्या रंगाचा त्रास आणखी कमी होतो.

आता बघण्याची रीत. सगळे जण दोन्ही बोर्ड शेजारी-शेजारी लावतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. रेनवॉश्डच्या शेजारी सी सॉल्ट आहे त्याहून राखाडी आणि उबदार दिसतो, सी सॉल्टच्या शेजारी रेनवॉश्ड आहे त्याहून हिरवा. पण भिंतीवर ते कधीच शेजारी येणार नाहीत. म्हणून पहिल्या नजरेपुरते एकत्र पाहा, मग एकच रंग खोलीत ठेवा आणि एक-दोन दिवस त्याच्याबरोबर राहा. मग दुसरा.

एका रंगाचे दोन बोर्ड का, तर ते कोपऱ्यात काटकोनात उभे करायचे आहेत. दोन भिंती समोरासमोर आल्या की एकीवरून उसळलेला उजेड दुसरीचा रंग घेऊन जातो आणि रंग गहिरा होतो. कोपऱ्यात आतल्या बाजूला जो दिसेल, तो चारही भिंती रंगवल्यावरच्या खोलीच्या अधिक जवळचा. रेनवॉश्ड या परीक्षेत बऱ्याच जणांना दचकवतो. सपाट बोर्डावर जो नाजूक होता, तो कोपऱ्यात चांगला ठसठशीत निळसर हिरवा होतो. त्यात तो आवडला तर पुढे पस्तावण्याची शक्यता कमी.

सकाळी आठच्या सुमारास, दुपारी एकला, सूर्यास्ताच्या दोन तास आधी आणि रात्री पडदे ओढून दिवे लावून बघा. एखादा ढगाळ दिवस या यादीत आलाच पाहिजे. खिडकीजवळच्या भिंतीवर आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, दोन्हीकडे. घरातल्या प्रत्येकाने बोर्डाकडे पाहून एकच शब्द कागदावर लिहायचा: हिरवा, निळा की राखाडी. चर्चा न करता. दोनेक दिवसांनी कागद पाहिला की त्या खोलीत कुठला रंग काय करतो हे कळतं, आणि वादही बराच मिटतो. सी सॉल्टच्या रकान्यात तिन्ही शब्द आले तर आश्चर्य मानू नका, तो त्याचा स्वभावच आहे.

पायरी पाचवी: निवड

एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. पावसाळी दिवशी भिंत राखाडी दिसली तर चालेल का? नाही, असं उत्तर असेल तर सी सॉल्ट घेऊ नका. आणि लख्ख दुपारी भिंत स्पष्टपणे निळसर हिरवी दिसली तर चालेल का? नाही, असं असेल तर रेनवॉश्ड नको.

बैठक, जेवणघर आणि स्वयंपाकघर एकमेकांत उघडी असतील, तर तिथे सी सॉल्ट. खिडक्या दोन-तीन दिशांना असतात, भिंती भरपूर असतात, आणि एवढ्या क्षेत्रफळावर रेनवॉश्ड अति होतो. बिनखिडकीच्या बाथरूमला बेधडक रेनवॉश्ड. तिथे नैसर्गिक उजेडच नाही, सी सॉल्टला उचलायला काही मिळत नाही आणि तो नुसता राखाडी बसतो. मुलांच्या खोलीला रेनवॉश्ड, पाहुण्यांच्या खोलीला कुठलाही. अंधाऱ्या जिन्याला आणि बोळाला दोन्ही नकोत. एलआरव्ही ६३ असला तरी परत फेकायला आधी उजेड यावा लागतो.

दुकानातला माणूस ‘सी सॉल्ट पाऊणपट ताकदीचा करून देतो’ असंही सुचवेल. इतक्या फिक्या रंगात मुळात रंगद्रव्यं थोडीच पडतात. त्यांची टक्केवारी कमी केली की काय उरेल याचा भरवसा नाही, आणि पुन्हा तोच रंग लागला तर तो तसाच मिळेल याचाही नाही. फिका हवा असेल तर त्याच पट्टीवरचा स्पेअर व्हाइट बघा.

ट्रिम आणि छतासाठी प्युअर व्हाइट, क्रमांक ७००५, दोघांनाही चालतो. एक्स्ट्रा व्हाइट जास्त थंड आहे, त्याच्याजवळ सी सॉल्टमधली ऊब दिसू लागते. अलाबास्टर क्रीमकडे झुकतो आणि सी सॉल्टला निळा करतो. निळसर झाक हवी असेल तर ही युक्ती मुद्दामही वापरता येते. ट्रिम आधीचीच ठेवणार असाल तर हा परिच्छेद सोडा, पण नमुना तपासताना बोर्ड त्या ट्रिमला टेकवून मात्र बघा.

डबा घेताना

फिनिश म्हणजे वाळलेल्या रंगाची चमक: मॅटला जवळपास नाही, एगशेलला हलकी, साटिनला त्याहून जास्त. बैठक आणि बेडरूमला एगशेल. ड्रायवॉलचे जोड नीट घासलेले नसतील तर मॅट बरं, कारण ते दोष झाकतं. बाथरूमला साटिन.

स्वयंपाकघराला साटिनच, आणि इथे जरा थांबते. बऱ्याच टाउनहाउसमध्ये आणि अपार्टमेंटमध्ये शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह असतो आणि त्यातलाच पंखा धूर ओढतो. तो धूर बाहेर जातो की गाळणीतून वरच्या जाळीवाटे परत खोलीतच येतो, हे एकदा हात धरून पाहा. परत येत असेल तर रोजच्या फोडण्यांची तेलकट वाफ वरच्या भिंतीवर आणि छतावर बसते, आणि तिचा थर पिवळा असतो. फिक्या थंड हिरव्यावर तो लगेच दिसतो. हिरवा मातकट होतो, तोही नेमका शेगडीच्या वरच्या पट्ट्यात. शेगडीमागे टाइल वरच्या कपाटापर्यंत न्या, साटिन लावा, आणि साबणाच्या कोमट पाण्याने पुसत राहा. नव्या रंगाला मात्र दोन-चार आठवडे पक्का होऊ द्या, त्याआधी घासू नका.

किती रंग लागेल? एक गॅलन एका हाताला साधारण ३५० ते ४०० चौरस फूट जातो. १२ बाय १४ फुटांची, ८ फूट उंचीची खोली धरा. चार भिंतींची लांबी ५२ फूट, गुणिले ८ म्हणजे ४१६ चौरस फूट. दोन दारं आणि दोन खिडक्यांचे सुमारे ७२ वजा केले की ३४४ उरतात. दोन हातांचे ६८८. म्हणजे दोन गॅलन. शेरविन-विल्यम्सच्या दुकानांत वर्षातून अनेकदा ३० ते ४० टक्क्यांची सूट लागते. घाई नसेल तर तेव्हा घ्या.

शेडचा क्रमांक घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात ‘मॅच’ करून घेण्याचा मोह होतो. गडद निळ्या किंवा लाल रंगात ते खपून जाईल. इथे तीन आकड्यांमधलं सगळं अंतरच आठ आणि अकरा. त्यातला एक आकडा दोन-तीनने हलला तरी रंगाची झाक बदलते. शिवाय वेगळ्या रंगद्रव्यांतून जुळवलेला रंग एका उजेडात तंतोतंत जुळतो आणि दुसऱ्या उजेडात वेगळा पडतो. सी सॉल्ट हवा असेल तर तो मूळ कंपनीचाच घ्या.

भिंतीवर

घर १९७८ च्या आधीचं असेल तर काहीही घासण्यापूर्वी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, त्याआधीच्या थरांत ते असू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात यात हयगय नको.

बाकी कामात नवीन काही नाही. खिळ्यांची भोकं स्पॅकलने (भिंतीच्या लांबीने) भरा, वाळल्यावर घासा, त्या जागांना प्रायमर द्या. नाहीतर तिथे रंग शोषला जाऊन डाग दिसतात. आधीचा रंग मरून किंवा गडद असेल तर पूर्ण भिंतीला प्रायमर. दोन्ही गॅलन एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा. डब्याडब्यात टिंटचा, म्हणजे मिसळलेल्या रंगद्रव्यांचा, किंचित फरक असतो आणि फिक्या रंगात तो भिंतीच्या मध्यावर येऊन उघडा पडतो. कडा ब्रशने मारल्यावर त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, साधारण चार तास. पहिल्या हातानंतर रंग डागाडागांचा आणि चुकीचा दिसणारच. त्या वेळी कोणालाही खोलीत बोलावून मत विचारू नका.

भारतात किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर

पुण्या-नाशिकच्या दुकानात फोनवरचा सी सॉल्टचा फोटो दाखवून ‘हाच द्या’ म्हणू नका. तिथल्या कंपनीच्या शेडकार्डातून दोन-तीन जवळचे रंग निवडा आणि वरची बोर्डाची परीक्षा त्यांच्यावर करा. रीत तीच. फरक दिव्यांचा. तिकडे ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र ट्यूब आणि बल्ब सर्रास असतात, त्यांच्याखाली रेनवॉश्डच्या जातीचा रंग फारच निळा होतो. दिवे बदलणार नसाल तर सी सॉल्टसारखा राखाडीकडे झुकलेला हिरवा बरा. नमुना भर पावसाळ्यात बघून ठरवू नका, जुलैतला ढगाळ उजेड वर्षभर नसतो. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, शेडचं नंतर.

सिडनी-मेलबर्नकरांनी पहिल्या पायरीतली उत्तर-दक्षिण उलटी वाचायची. तिथे ऊन उत्तरेकडून येतं आणि थंड खोली दक्षिणेची.

काम झाल्यावर उरलेला रंग लहान घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा, आणि झाकणावर खोली, शेडचा क्रमांक, फिनिश आणि तारीख लिहा. डब्यावरच्या टिंटच्या लेबलचा फोटोही काढून ठेवा. गॅरेजमध्ये ठेवू नका, हिवाळ्यात गोठला की लॅटेक्स फाटतो आणि पुढच्या टच-अपला कामाचा राहत नाही.